पाथरवटाची सनद

इस्लाममध्ये पैगंबरपद मुहंमद पैगंबरांपाशी संपते. त्यांच्यानंतर कोणी प्रेषित येणार नाही, आणि सुन्नी परंपरेत दीक्षा देऊन नेमलेला पुरोहितवर्गही नाही. मग शिकवण पुढे न्यायची कोणी? इ. स. 632मधल्या अखेरच्या हजच्या वेळी, निरोपाच्या प्रवचनात, पैगंबरांनी हे काम समोरच्या जमावावरच सोपवले असे परंपरा सांगते. हजर असलेल्यांनी ते गैरहजरांपर्यंत पोहोचवायचे होते. दुसऱ्या एका प्रसिद्ध हदीसचा आशय असा, की ऐकलेले जसेच्या तसे पुढे देणाऱ्यावर देवाची कृपा असो, कारण ज्याच्या हाती ते पडते तो कधी कधी देणाऱ्याहून अधिक जाणता निघतो. मला हे दुसरे वचन जास्त विचार करायला लावते. समजणे आणि सांभाळणे ही दोन कामे त्यात वेगळी केली आहेत, आणि दुसरे काम पंडित नसलेल्यालाही करता येते.

त्याची अट मात्र कडक. पैगंबरांच्या नावावर जाणूनबुजून खोटे सांगणाऱ्याला नरकाचा इशारा आहे. म्हणून हदीसबरोबर ‘इस्नाद’ आली: मी हे अमक्याकडून ऐकले, त्याने तमक्याकडून, अशी थेट उगमापर्यंत जाणारी नावांची साखळी. तिलाच सनद म्हणतात. आपल्याकडे सनद म्हटले की इनामाचा कागद डोळ्यांसमोर येतो. मूळ अर्थ ‘ज्याला टेकावे तो आधार’ असा आहे.

इमाम बुखारी 870 साली वारले. पुनरुक्तीसह सात हजारांहून अधिक हदीस असलेला त्यांचा ‘सहीह’ सुन्नी जगात कुराणाखालोखाल मानला जातो. त्याच्या पुढच्या प्रवासात एक नाव मला पुन्हा पुन्हा थांबवते, ते म्हणजे दमास्कसच्या सालिहिया वस्तीतला अहमद इब्न अबी तालिब. लोक त्याला अल-हज्जार म्हणत. हज्जार म्हणजे पाथरवट. तो किल्ल्यावर दगडकाम करी, पुढे पाथरवटांचा मुकादम झाला. (अरबीतही शब्द तोच आहे, मुकद्दम.) विद्वान म्हणून त्याला कोणी ओळखत नव्हते.

1306च्या सुमारास हदीसच्या अभ्यासकांना जुन्या हजेरीपत्रकात त्याचे नाव सापडले. त्या काळी ग्रंथाचे जाहीर वाचन झाले की कोण कोण ऐकायला बसले होते याची नोंद पोथीवरच होई. दमास्कसच्या अशा शेकडो नोंदी आज छापून उपलब्ध आहेत. त्यांत शास्त्री आहेत, तसेच कारागीर, स्त्रिया, मुले आणि गुलामही आहेत. सुमारे पंचाहत्तर वर्षांपूर्वी, 630 हिजरीत, बगदादहून आलेल्या अल-जबीदींपुढे ‘सहीह’चे वाचन झाले होते. तेव्हा हा पाथरवट सहा-सात वर्षांचा पोर होता. त्या वाचनाला बसलेले बहुतेक सगळे एव्हाना मातीआड गेले होते. हा जिवंत होता, आणि त्याच्यामुळे नव्या पिढीला बुखारींपर्यंत फार थोड्या पायऱ्यांत पोहोचता येत होते. ऐंशी ओलांडलेल्या या माणसासमोर मग संपूर्ण ग्रंथ साठ-सत्तर वेळा वाचला गेला. त्याला कैरोलाही नेण्यात आले. 1329मध्ये तो वारला तेव्हा त्याच्या आणि बुखारींच्या दरम्यान अवघी पाच माणसे होती. साडेचारशे वर्षांत पाच!

हे गणित जमते ते लहान मुलांमुळे. अल-जबीदी स्वतः असेच कोवळ्या वयात अबुल-वक्त यांच्यापुढे बसले होते. आणि अबुल-वक्त यांची गोष्ट तर विलक्षण आहे. त्यांचे वडील या चिमुरड्याला हेरातहून बूशंजला अल-दाऊदींकडे पायी घेऊन निघाले. मुलाच्या हातांत दोन दगड दिले. तो दमला की एक टाकायला सांगायचे, आणखी दमला की दुसरा, आणि अगदीच थकला की त्याला खांद्यावर घ्यायचे. वाटेत शेतकरी जनावरावर बसवून न्यायला तयार होते. पैगंबरांचे बोल ऐकायला जाताना चालतच जाऊ, असे वडील म्हणाले. या बापाने कोणताही ग्रंथ लिहिला नाही. सनदीत त्याचे नावही येत नाही. त्याने केले ते एवढेच, की मुलाला तिथवर नेले.

यावर एक आक्षेप घेता येतो, आणि तो हलका नाही. सात वर्षांच्या मुलाला काय कळले असेल, आणि पंचाहत्तर वर्षांनी त्यातले काय आठवत असेल? खरे तर काहीच आठवायची गरज नव्हती. पाठ पोथीत सुरक्षित होता. हज्जारच्या स्मरणावर एकही शब्द अवलंबून नव्हता. मग त्याची गरज काय? माझ्या मते, त्या समाजाला पोथी पुरेशी वाटत नव्हती. शब्दामागे तो ऐकलेला कोणीतरी जिवंत माणूस हवा होता. शिवाय ऐकल्याची नोंद असल्यामुळे उगाच कोणी उठून ‘मीही होतो’ म्हणू शकत नव्हते. आज मोबाइलवर उगमाशिवाय फिरणारी धर्मवचने पाहिली की ही हजेरीपत्रके फार शहाणी वाटतात.

हज्जार एकटा नव्हता. त्याच अल-जबीदींकडून ऐकलेल्या सित्त अल-वुजरा या दमास्कसच्या बाईंनीही उतारवयात ‘सहीह’ शिकवला, तिथे आणि कैरोतही. 1316मध्ये त्या वारल्या.

पुढे हज्जारकडून अल-तनूखी, त्यांच्याकडून ‘सहीह’चे थोर भाष्यकार इब्न हजर अल-अस्कलानी अशी साखळी सरकत गेली. अठराव्या शतकात दिल्लीचे शाह वलीउल्लाह हिजाजला गेले. मदिनेत अबू ताहिर अल-कुर्दींकडून त्यांनी ती घेतली आणि भारतात आणली. देवबंदच्या परंपरेतल्या मदरशांत, महाराष्ट्रातल्याही, शेवटच्या वर्षी ‘सहीह’ पुरा करणाऱ्या विद्यार्थ्याला याच साखळीतली सनद मिळते. ती वरपासून खाली वाचत गेले की इमाम, शेख, हाफिज अशा बिरुदांच्या मध्ये एका ठिकाणी नुसता धंदा लिहिलेला दिसतो: अल-हज्जार.