मेंदूच्या फोटोतील पांढरे डाग

घरातील वडीलधारे माणूस विसरायला लागले, चालताना अडखळायला लागले, की हल्ली डॉक्टर मेंदूचा एम. आर. आय. काढायला सांगतात. पैशांची जुळवाजुळव करून फोटो निघतो आणि रिपोर्टात इंग्रजीत एक ओळ येते. मेंदूच्या पांढऱ्या भागात वयोमानाचे बदल, फॅझेकास ग्रेड १, नाहीतर २. एवढ्यावरून घरात रडारड सुरू होते. कुणी म्हणते गाठ आहे, कुणी म्हणते मेंदू सडला, आणि एखादे शहाणे नातेवाईक देवऋषाचा पत्ता देऊन जाते. वाचकहो, ही ओळ नीट समजून घेतली तर निम्मी भीती जाईल आणि उरलेली निम्मी कामाला लावता येईल.

मेंदूचा वरचा थर करडा असतो. विचार करणाऱ्या पेशी तेथे असतात. आतला पांढरा भाग म्हणजे या पेशींना एकमेकींशी जोडणाऱ्या तारा. विजेच्या वायरीवर जसे प्लॅस्टिक, तसे या तारांवर चरबीचे वेष्टण असते, म्हणून तो पांढरा दिसतो. त्याला रक्त पुरविणाऱ्या नळ्या अतिशय बारीक आणि लांब. गंगापूर धरणाचे पाणी नाशिकभर फिरते, पण लाईनच्या टोकाच्या वस्तीला करंगळीएवढी धार येते, हे आपण जाणतोच. मेंदूचा पांढरा भाग ही अशीच टोकाची वस्ती. वर्षानुवर्षे ब्लडप्रेशर वाढलेले राहिले, साखर वाढली, तंबाखू-बिडी चालूच राहिली, की या नळ्या जाड व ताठ होतात. पुढे रक्त कमी पोहोचते, वेष्टण झिजते, तेथे पाण्याचा अंश वाढतो. एम. आर. आय.मध्ये ती जागा पांढरी चमकते. सी. टी. स्कॅनमध्ये मात्र तीच काळपट दिसते, म्हणून दोन फोटो शेजारी धरून घाबरू नये.

ग्रेडची मोजपट्टी ऑस्ट्रियाच्या डॉ. फ्रान्झ फॅझेकास व सहकाऱ्यांनी १९८७ साली मांडली. शून्य म्हणजे डाग नाहीत. १ म्हणजे सुटे ठिपके, २ म्हणजे ठिपके एकमेकांना मिळू लागले, ३ म्हणजे मोठे पट्टे. हॉलंडमधील रॉटरडॅम येथे ६० ते ९० वयाच्या १०७७ लोकांचे मेंदू तपासले, त्याचा अहवाल २००१ साली आला. एकही डाग नसलेले निघाले फक्त ५ टक्के! म्हणजे उतारवयात थोडे ठिपके हे पिकलेल्या केसांसारखेच. ग्रेड ३ ची गोष्ट वेगळी. तेथे पक्षाघात, पडणे आणि डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश, या सर्वांचा धोका वाढतो. तरीही स्मृतिभ्रंश नुसत्या फोटोवरून ठरत नाही. माणसाला विचारून, घरच्यांशी बोलून, तपासून डॉक्टर ठरवितात.

या तारा झिजल्या की आधी आठवण जाते असे नाही, आधी चपळाई जाते. आजोबा १९५६ ची दीक्षाभूमीवरील गर्दी जशीच्या तशी सांगतात, पण किराणा दुकानात सुट्टे मोजताना गोंधळतात. पेन्शनच्या फॉर्मवर सही जुळत नाही. पाय घासत चालतात, लघवीला आवरत नाही, कशात रस उरत नाही. घरात मात्र हेच बोलले जाते की म्हातारा मुद्दाम करतो, म्हातारी सोंग घेते. सुनेवर चोरीचा आळ येतो आणि दोन खोल्यांच्या घरात रोज भांडण. माणूस आजारी आहे एवढे कळले तरी त्या घरातला आवाज खाली येतो.

भारतात साठीपुढच्या लोकांची देशव्यापी पाहणी झाली, तिचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. १०० पैकी ७.४ जणांना स्मृतिभ्रंश, म्हणजे देशात सुमारे ८८ लाख. स्त्रियांमध्ये अधिक, खेड्यात अधिक, शाळेत न गेलेल्यांत अधिक. ज्यांना शाळेचे दार बंद होते, त्यांच्याच वाट्याला म्हातारपणी हेही आले!

आता हातात काय आहे ते पाहू. अमेरिकेत पन्नाशीपुढच्या प्रेशरच्या रुग्णांवर मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०१९ साली आले. एका गटाचे वरचे प्रेशर १४० च्या खाली ठेवले, दुसऱ्याचे १२० च्या खाली. सुमारे ४ वर्षांत पहिल्या गटाचे पांढरे डाग १.४५ घन सेंटिमीटरने वाढले, दुसऱ्याचे ०.९२ ने. बुद्धी मंदावण्याची सुरुवातीची अवस्था १९ टक्क्यांनी कमी आढळली. डाग पुसले गेले नाहीत, पण वाढ मंदावली. मात्र कुणी स्वतःच्या मनाने गोळी वाढवू नये. वृद्धांना चक्कर येऊन पडण्याची भीती असते, आकडा डॉक्टरांनीच ठरवावा.

प्रेशर मोजायला एम. आर. आय.चे मशीन लागत नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये देशात रक्तदाब नियंत्रणाचा सरकारी उपक्रम सुरू झाला, त्यात पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. सरकारी दवाखान्यात प्रेशर फुकट मोजतात. आपल्याकडे खोट गोळी मिळण्यात कमी आणि घेण्यात जास्त. बरे वाटले की गोळी बंद, लग्नसराई आली की बंद. पापड-लोणचे-खारे, मिश्री, रोजची दारू यांचा हिशेबही याच खात्यात मांडावा. आणि तो साठीची वाट न पाहता सातपूर-अंबडच्या कारखान्यात आज पाळी करणाऱ्या चाळिशीच्या मुलाने मांडावा.

वडीलधाऱ्यांना दाखवायला नेताना जुने सर्व फोटो, चालू गोळ्यांची पाकिटे आणि विसरणे केव्हापासून सुरू झाले त्याची तारखेनिशी नोंद बरोबर घ्यावी. बी-१२ जीवनसत्त्व आणि थायरॉईडची रक्ततपासणी करायची का, हे विचारून घ्यावे, कारण त्यामुळे येणारा विसराळूपणा औषधाने सुधारू शकतो. मागील दोन-तीन महिन्यांत माणूस पडले असेल, डोक्याला मार लागला असेल, तर ते डॉक्टरांना सर्वांत आधी सांगावे.