तक्त्यात न मावणारं शिवार

1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला, तेव्हा सेनगाव तालुक्यातला सातबारा तलाठ्याच्या हातानंच लिहिला जाई. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा एकत्र करून केलेला हा कागद म्हणजे मुळातच आखीव तक्ता, पण लवचीक तक्ता. वारस वाढले की नावं दाटीवाटीनं बसायची, जुन्या नावाला कंस पडायचा, नवं पीक आलं की ते रकान्यात लिहून मोकळं व्हायचं. त्यानंतरच्या वर्षांत हीच लवचीकता संगणकाला शिकवता शिकवता आमच्या, म्हणजे प्रोग्राम लिहिण्याच्या, धंद्यातले लोक मेटाकुटीला आले.

भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्राची पहिली योजना 1988-89 ची. पुढे 2008 मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम आला, मग हक्कबदलाच्या नोंदी संगणकावर घेणारी ई-फेरफार, आणि 1 मे 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा. 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि पिकाची नोंद शेतकरी स्वतःच्या मोबाईलवरून करू लागला. नोंदी डेटाबेसमध्ये गेल्या. त्या वेबच्या पडद्यावर वाचता येतील अशा तक्त्यात परत आणणं ही पुढची लढाई, आणि तिच्याबद्दल फार कमी लिहिलं गेलं आहे.

गावनिहाय पिकांचा साधा तक्ता घ्या. डेटाबेसमध्ये प्रत्येक नोंद एका ओळीत असते: गट, वर्ष, हंगाम, पीक, क्षेत्र. वाचणाऱ्याला मात्र गट उभे आणि पिकं आडवी हवी असतात. सेनगावच्या एका गावात सोयाबीन, तूर, कापूस. शेजारच्या गावात त्यात हळदीची भर. रब्बीत हरभरा आणि गहू. म्हणजे रकाने किती आणि कोणते, हे गाव निवडल्याशिवाय कळतच नाही. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये 2005 साली ओळींचे रकाने करणारं ‘पिव्होट’ आलं, पण त्यालाही रकान्यांची नावं आधीच सांगावी लागतात. मग आधी त्या गावातली पिकं शोधायची आणि त्या यादीवरून क्वेरी जागच्या जागी रचायची. हीच डायनॅमिक क्वेरी.

खरी पंचाईत निकाल हातात आल्यावर. चार पिकांचा साचा बांधून ठेवलेला प्रोग्राम पाचव्या पिकाला कोलमडतो. वेबपानावर तक्ता दाखवणाऱ्या 2005 च्या ग्रिडव्ह्यूमध्ये रकाने आपोआप पाडण्याची सोय होती, पण मग मथळे डेटाबेसमधले कच्चे दिसत. पुढे निकालाची प्रत्येक ओळ नाव आणि किंमत अशा जोड्यांत फोडून जेसन या मजकुरी स्वरूपात पाठवण्याची पद्धत रुळली. जेसनचं तपशीलपत्रक 2006 मधलं. त्याला आकडा, मजकूर, खरं-खोटं आणि रिकामं कळतं. तारीख आणि क्षेत्र कळत नाही.

आणि इथेच शेतकऱ्याचं नुकसान दडलेलं असतं. क्षेत्र 1.05.00 असं लिहितात, म्हणजे 1 हेक्टर 5 आर. दोन टिंबांचा हा मजकूर कुणी दशांश समजून ‘साफ’ केला आणि मधलं शून्य गळून 1.5 उरलं, तर वाचणारा 1 हेक्टर 50 आर समजतो. गट नंबर 5/2 एक्सेलमध्ये उघडला की त्याची तारीख होते. पिकाचं नाव हीच रकान्याची ओळख धरली, तर कापूस आणि कपाशी असे दोन रकाने पडतात.

माझ्या मते या सगळ्या काळातली सर्वात मोलाची शिकवण एकच: रकान्यांचं वर्णन हाही डेटा आहे आणि तो ओळींच्या आधी गेला पाहिजे. पहिल्या यादीत प्रत्येक रकान्याचा संकेतांक, मराठी मथळा, प्रकार आणि क्रम. दुसऱ्या यादीत नुसत्या ओळी. ग्रिड पहिली यादी वाचून स्वतःला आखून घेतं. गाव बदललं, हंगाम बदलला, तरी प्रोग्रामला हात लावावा लागत नाही. सातबाराचा नमुना 2020 मध्ये बदलला, त्यातही हाच शहाणपणा दिसतो: गावाचा संकेतांक आला, क्षेत्रासोबत एकक आलं, खाते क्रमांक खातेदाराच्या नावासमोर आला आणि दोन खातेदारांमध्ये तुटक रेघ आली.

रिकाम्या चौकटीचा प्रश्न मात्र अजूनही हलक्यानं घेतला जातो. पिव्होट केलं की जिथे नोंद नाही तिथे ‘नल’, म्हणजे रिकामी किंमत, येतं. तक्ता नीटनेटका दिसावा म्हणून तिथे शून्य भरण्याची सवय सर्रास आहे. पण पीक पेरलंच नाही आणि पाहणीच झाली नाही, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पीककर्ज, हमीभावाची खरेदी, अतिवृष्टीची भरपाई, सगळीकडे पिकाची नोंद विचारली जाते. राहून गेलेल्या पाहणीच्या जागी शून्य दिसलं, तर शेत पडीक होतं असा अर्थ निघतो.

तालुका पातळीवरचे तक्ते बांधणाऱ्या प्रत्येकाला म्हणूनच विनंती आहे: गट नंबर आणि क्षेत्र मजकूर म्हणूनच पाठवा, बेरजेसाठी लागणारं क्षेत्र चौरस मीटरमध्ये वेगळ्या रकान्यात ठेवा, आणि जिथे पाहणी झालेली नाही तिथे शून्य न भरता ‘पाहणी बाकी’ असं स्पष्ट मराठीत लिहा.