अर्ध्या-अर्ध्या किलोचा हिशोब

बर्मिंगहॅमला २०२२ साली झालेल्या राष्ट्रकुल स्पर्धेत पुरुषांच्या वेटलिफ्टिंगचे आठ वजनगट होते. भारताने आठही गटांत खेळाडू उतरवले आणि सातांत पदके मिळवली : दोन सुवर्ण, दोन रौप्य, तीन कांस्य. उरला ८१ किलोचा गट. त्यात अजय सिंग चौथा आला. त्याने उचललेले एकूण वजन ३१९ किलो, तर कांस्य घेणाऱ्या कॅनडाच्या निकोलस व्हाशोंचे ३२०. आठात आठ व्हायला एक किलो कमी पडला.

त्याआधी, ३० जुलैला, भारताच्या खात्यात स्पर्धेतले पहिले पदक जमा झाले होते. सांगलीच्या संकेत महादेव सरगरचे ५५ किलो गटातले हे रौप्य. त्याची बेरीज २४८ भरली आणि सुवर्ण जिंकणाऱ्या मलेशियाच्या अनिक कासदानची २४९. इथेही एकच किलो.

वेटलिफ्टिंग म्हणजे दंड-मांड्यांचा खेळ अशी आपली समजूत. ती खोटी नाही. ताकद वर्षानुवर्षे घाम गाळूनच कमवावी लागते. पण अशी ताकद कमावलेले चार-पाच जण एका रांगेत उभे राहिले की त्यांच्यात कोणाला सोने आणि कोणाला कथील, हे पुष्कळदा पडद्यामागे ठरवलेल्या आकड्यांवर ठरते. हा हिशोब कळला नाही, तर सामना डोळ्यांसमोर होऊनही निसटून जातो.

बोली चढतच जाते

आधी नियम. स्पर्धेत दोन प्रकार असतात. स्नॅचमध्ये बार जमिनीवरून एका दमात थेट डोक्यावर न्यायचा. क्लीन अँड जर्कमध्ये तो आधी खांद्यांवर घ्यायचा, उभे राहायचे आणि मग झटक्याने वर पेलायचा. दोन्हींत प्रत्येकी तीन संधी. दोन्हींतल्या सर्वोत्तम यशस्वी वजनांची बेरीज म्हणजे खेळाडूचा ‘टोटल’ आणि पदक त्यावरच. एका प्रकारातले तिन्ही प्रयत्न वाया गेले, तर टोटलच लागत नाही.

पुरुषांचा बार वीस किलोचा. प्लेटा जागच्या हलू नयेत म्हणून दोन्ही टोकांना अडीच-अडीच किलोच्या कॉलर. म्हणजे एकही प्लेट न लावता पंचवीस किलो झाले. पुढे रंगांवरून वजन ओळखायचे : लाल पंचवीस, निळी वीस, पिवळी पंधरा, हिरवी दहा, पांढरी पाच. त्याखाली अर्ध्या किलोपर्यंतच्या छोट्या चकत्या. संकेतने स्नॅचमध्ये उचललेले ११३ किलो असे भरतात : प्रत्येक बाजूला एक लाल, एक पिवळी, मग अडीच आणि दीड किलोच्या चकत्या. वजन एक किलोने वाढवायचे तर दोन्हीकडे अर्धा-अर्धा किलो चढवतात. सांगलीचे सोने हुकले ते एवढ्याने.

खेळाची खरी गंमत क्रमात आहे. बारवरचे वजन एकदा वाढले की त्या प्रकारात ते पुन्हा खाली येत नाही. सगळ्यांत कमी आकडा मागणारा आधी येतो, जास्त मागणारा नंतर. एखाद्या लिलावासारखे हे चालते आणि शेवटची बोली ज्याच्या हाती, त्याला बाकीच्यांची पाने आधीच दिसलेली असतात. म्हणून प्रशिक्षक सारखे आकडे नोंदवायच्या टेबलाकडे धावत असतात. प्रत्येक प्रयत्नासाठी जाहीर केलेला आकडा दोनदा बदलता येतो. आकडा वाढवला की आपला खेळाडू रांगेत मागे सरकतो, त्याला दम खायला वेळ मिळतो आणि प्रतिस्पर्ध्याला आधी बारपाशी यावे लागते. नाव पुकारल्यावर हातात एक मिनिट असते. लागोपाठ स्वतःचाच दुसरा प्रयत्न असेल तर दोन मिनिटे.

समोर तीन पंच. दोन पांढरे दिवे लागले तर लिफ्ट ग्राह्य, दोन लाल लागले तर बाद. बार वर गेला, पण कोपर वाकून पुन्हा सरळ झाले, तरी लाल दिवा लागू शकतो. हे ‘प्रेस-आउट’. वजन डोक्यावर असूनही पदक हुकते ते अशा वेळी.

१३९ की १४२?

आता संकेतचा सामना या नजरेने पाहू. स्नॅचमध्ये त्याने १०७, १११ आणि ११३ हे तिन्ही प्रयत्न यशस्वी केले. अनिकचा सर्वोत्तम स्नॅच १०७. मध्यंतराला सांगलीकर सहा किलोंनी पुढे होता. क्लीन अँड जर्कच्या पहिल्याच प्रयत्नात त्याने १३५ उचलले आणि टोटल झाला २४८. पुढे त्याने १३९ मागितले. हा काही आवाक्याबाहेरचा आकडा नव्हता. त्याच वर्षी फेब्रुवारीत सिंगापूरला त्याने १४३ उचलून २५६चा टोटल नोंदवला होता.

१३९च्या दुसऱ्या प्रयत्नात त्याच्या उजव्या कोपराला दुखापत झाली. तरी तो तिसऱ्यांदा आला. तोही प्रयत्न फसला आणि आकडा २४८वर थांबला.

त्यानंतर बारवर १४२ चढले. अनिकला तेवढेच का लागणार होते, ते पाहा. त्याने १४१ उचलले असते तर १०७ अधिक १४१, म्हणजे २४८. बरोबरी. पण टोटल सारखा झाल्यास तो आधी गाठणाऱ्याला वरचा क्रमांक मिळतो आणि संकेतने तो कधीच गाठला होता. पूर्वी अशा वेळी ज्याचे शरीराचे वजन कमी, तो जिंकायचा. आता तसे नाही. म्हणून सोन्याची किमान किंमत १४२. अनिकने ते उचलले आणि क्लीन अँड जर्कचा नवा स्पर्धाविक्रमही केला. संकेतचे १३९ जमले असते तर त्याचा टोटल २५२ झाला असता आणि अनिकला १४६ मागावे लागले असते. पदक घ्यायला संकेत उभा राहिला तो उजवा हात गळ्यात बांधलेल्या झोळीत घालून.

सात पदके, सात तऱ्हा

६७ किलो गटात मिझोरामच्या जेरेमी लालरिननुंगाने याच हिशोबाची दुसरी बाजू दाखवली. क्लीन अँड जर्कमध्ये तो सर्वोत्तम नव्हता. त्याने १६० उचलले, तर सामोआच्या वायपावा आयोआनेने १६६. पण स्नॅचमध्ये जेरेमीचे १४० आणि आयोआनेचे १२७. तेरा किलोंची ही आघाडी फेडायची तर आयोआनेला १७४ लागले असते. जेरेमीने ३०० टोटलवर सोने घेतले. २०१८च्या ब्युनॉस आयर्स युवा ऑलिम्पिकमध्ये भारताला पहिले सुवर्ण मिळवून देणारा मुलगा तो हाच.

७३ किलोत हावड्याच्या अचिंता शिउलीने १४३ आणि १७० मिळून ३१३ केले आणि दुसऱ्याला दहा किलो मागे टाकले. वडील गेल्यावर जरीकाम करून घराला हातभार लावणारा हा मुलगा. १७०चा दुसरा प्रयत्न फसल्यावर त्याने आकडा वाढवला नाही, तेच वजन तिसऱ्यात उचलले. विकास ठाकूरने ९६ किलोत ३४६वर रौप्य घेतले. सामोआचा डॉन ओपेलोगे ३८१वर होता, तिथे डावपेचाला जागाच नव्हती. १०९ किलोत मात्र तिघांत जेमतेम तीन-तीन किलोंचे अंतर राहिले : कॅमेरून ३६१, सामोआ ३५८, लवप्रीत सिंग ३५५. ६१ किलोत गुरुराजा पुजारीने २६९वर, तर सर्वांत जड गटात गुरदीप सिंगने ३९०वर कांस्य घेतले. या जड गटात पाकिस्तानच्या नूह दस्तगीर बटने ४०५ किलोंनी स्पर्धाविक्रम केला.

कृष्णाकाठची व्यायामशाळा

संकेत तयार झाला सांगलीच्या दिग्विजय व्यायामशाळेत. वडिलांची पानाची टपरी आणि चहाचा गाडा. सरावातून उरलेला वेळ तोही तिथे घालवायचा. धाकटी बहीण काजोलने जून २०२२मध्ये खेलो इंडिया युवा स्पर्धेत ४० किलो गटाचे सुवर्ण घेतले आणि पुढच्याच महिन्यात भाऊ बर्मिंगहॅमला गेला.

या पट्ट्याला हा खेळ नवा नाही. २०१४च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत गणेश माळी (५६ किलो), ओंकार ओतारी (६९ किलो) आणि चंद्रकांत माळी (९४ किलो) या तिघांनी कांस्यपदके मिळवली. तिघेही शिरोळ तालुक्यातल्या कुरुंदवाडचे. कुस्तीच्या आखाड्यांच्या या मुलखात वेटलिफ्टिंग रुजले यात नवल नाही. खुराक, जोर-बैठका, पहाटेची शिस्त आणि उस्तादाचा शब्द या गोष्टी इथल्या पोरांना वेगळ्या शिकवाव्या लागत नाहीत. बार आणि प्लेटा तेवढ्या नव्या.

ऑलिम्पिकशीही एक जुना धागा आहे. १८९६च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये एका हाताने वजन उचलण्याची स्पर्धा जिंकणारा ब्रिटिश खेळाडू लाँसेस्टन इलियट जन्मला होता तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या कलादगीत. आज हे गाव कर्नाटकच्या बागलकोट जिल्ह्यात आहे. दोन हातांच्या प्रकारात मात्र तो दुसरा आला. डेन्मार्कच्या व्हिगो येन्सनने आणि त्याने सारखेच वजन उचलले होते, पण येन्सनची शैली सरस ठरवली गेली. तेव्हा वजनगट नव्हते आणि बरोबरी फोडायला पंचांची नजर होती. या खेळाने नंतर सव्वाशे वर्षांत ती नजर बाजूला सारून आकड्याला मान दिला. खांद्यावरून हळूहळू वर रेटायचा ‘प्रेस’ हा तिसरा प्रकारही १९७२च्या म्युनिक ऑलिम्पिकनंतर बंद झाला, कारण तो नीट झाला की नाही यावर पंचांचे एकमत होईना. २००५पर्यंत वजन अडीच किलोंच्या पटीत वाढे. त्यानंतर एक-एक किलोने वाढू लागले. अजय आणि संकेत या नव्या बारीक मापाने मोजले गेले.

राष्ट्रकुल आणि जग

सात पदकांचे कौतुक करताना एक तुलनाही समोर ठेवली पाहिजे. टोकियो ऑलिम्पिकमध्ये ६७ किलोचे सोने चीनच्या चेन लिजुनने ३३२वर जिंकले, तर ७३ किलोचे शी झियोंगने ३६४वर. बर्मिंगहॅमला आपली सोनी आली ती ३०० आणि ३१३वर. राष्ट्रकुलात चीन नाही, जॉर्जिया नाही, कझाकस्तान नाही. पुढे २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकला भारताचा एकही पुरुष लिफ्टर पात्र ठरला नाही. गेली ती एकटी मीराबाई चानू आणि तीही १९९ किलोंवर चौथी आली. कांस्य २००वर गेले.

या खेळावर एक डाग आहे, उत्तेजकांचा. २०१२च्या लंडन ऑलिम्पिकमधल्या ९४ किलो गटाचे नमुने पुढे पुन्हा तपासले, तेव्हा वरचे इतके जण बाद झाले की पाचवा आलेला इराणचा सईद मोहम्मदपूर सुवर्णविजेता ठरला आणि नववा आलेला पोलंडचा तोमाश झेलिन्स्की कांस्याचा मानकरी. तोच झेलिन्स्की २०१६च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये स्वतः चाचणीत सापडला. भारतीय लिफ्टरही या प्रकरणांतून सुटलेले नाहीत आणि आपल्या महासंघाने बंदीही भोगली आहे. अशा प्रकरणांमुळेही २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकच्या पहिल्या यादीत वेटलिफ्टिंग नव्हते. ते परत आले ऑक्टोबर २०२३मध्ये. एकेका किलोसाठी घाम गाळणाऱ्याची खरी फसवणूक होते ती उत्तेजकांमुळे, कारण त्याचा किलो मोजला गेलेला असतो आणि तरी पदकाचा निकाल दहा वर्षांनी प्रयोगशाळेत लागतो.

आणि गटही कायमचे नसतात. ५५ किलो हा गट ऑलिम्पिकमध्ये नव्हताच. जून २०२५पासून आंतरराष्ट्रीय महासंघाने पुरुषांचा सर्वांत हलका गट ६० किलोचा केला. म्हणजे बर्मिंगहॅमचा ५५ किलोचा हिशोब त्याच गटात फेडायची सोय आता कोणालाच नाही. हलक्या लिफ्टरला शरीर पाच किलोंनी वाढवायचे आणि बारवर त्याहून कितीतरी जास्त चढवायचे. राष्ट्रकुल स्पर्धा २०३०मध्ये अहमदाबादला होणार आहे. सांगली-कुरुंदवाडच्या व्यायामशाळांत आज जी दहा-बारा वर्षांची पोरे रिकाम्या बारवर हात बसवत आहेत, त्यांच्या प्रशिक्षकांनी ६० किलोचा हा नवा आकडा आत्ताच धरून चालायला हवे.