घोड्याचे औषध आणि माणसाचे बीज

पावसाळा लागला की सूरजागडच्या डोंगराखालच्या गावांत धानाची रोवणी सुरू होते आणि साप चावण्याचे प्रकारही वाढतात. आधी पुजाऱ्याकडे जायचे की थेट एटापल्लीच्या दवाखान्यात, या विचारात मोलाची वेळ जाते. त्यात एक शंकाही असते: घोड्याच्या रक्तातून काढलेले हे औषध माणसाच्या बीजात तर उतरणार नाही?

शंका अडाणीपणाची नाही. औषधाने जनुकांना इजा होते का, हे तपासणारे शास्त्रच आहे.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांचे विष अगदी थोड्या, वाढत्या मात्रेने घोड्याला टोचतात. त्याच्या रक्तात त्या विषाला पकडणारी प्रथिने, म्हणजे प्रतिपिंडे तयार होतात. ती इंग्रजी ‘वाय’च्या आकाराची असतात. पेप्सिन या पाचक द्रव्याने त्यांचा देठ कापून टाकतात आणि विषाला धरणारे दोन हात तेवढे ठेवतात. म्हणजे प्रतिविष हे फेरफार केलेले प्रथिनच.

जनुकीय इजेची सर्वांत प्रसिद्ध चाचणी अमेरिकेतील ब्रूस एम्स यांनी 1970च्या दशकात रूढ केली. तिच्यातल्या साल्मोनेला जिवाणूंना हिस्टिडीन स्वतः बनवता येत नाही. औषधाने त्यांच्या डीएनएत बदल घडवला, तर काहींना ते पुन्हा जमते आणि त्यांच्या वसाहती उगवतात. गंमत अशी, की प्रथिनात हिस्टिडीन बहुधा असतेच. प्रथिन तुटले की जिवाणूंना आयते खाद्य मिळते, वसाहती वाढतात आणि निष्पाप औषध दोषी ठरू शकते.

शिवाय एवढा मोठा रेणू पेशीच्या केंद्रकात शिरून डीएनएला भिडत नाही. शरीर त्याचे तुकडे करून पचवून टाकते. म्हणूनच जैवतंत्रज्ञानाने बनवलेल्या प्रथिन-औषधांसाठी या नेहमीच्या चाचण्या लागत नाहीत, असे 1997च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी ठरवले. घोड्याच्या प्रतिपिंडांनाही तोच तर्क लागू पडतो.

पण प्रथिनाला रसायन जोडले की गोष्ट बदलते. स्तनाच्या कर्करोगावरील ट्रास्टुझुमॅब एम्टान्सिनमध्ये प्रतिपिंडाला पेशी मारणारे विष जोडलेले असते. त्या विषाने उंदरांच्या अस्थिमज्जेत गुणसूत्रांना इजा होते, असे चाचणीत दिसले. तपासायचे ते जोडलेल्या भागाला. प्रतिविषात मात्र नुसती कापाकापी आहे, जोडलेले काही नाही.

प्रतिविषाचा खरा धोका वेगळाच, ॲलर्जीचा. काही मिनिटांत अंगावर पित्त उठते, रक्तदाब घसरतो. म्हणून डॉक्टर ॲड्रेनालिन हाताशी ठेवतात. पुढच्या एक-दोन आठवड्यांत ताप आणि सांधेदुखीही होऊ शकते. विषबाधेची लक्षणे दिसली की सुरुवातीलाच आठ-दहा कुप्या शिरेतून देतात. लहान मुलांनाही तेवढ्याच, कारण साप मूल पाहून विष कमी सोडत नाही.

मण्यारचा दंश झोपेत कळतही नाही. जमिनीवर झोपलेल्या माणसाचे पहाटे पोट दुखू लागले, पापण्या मिटू लागल्या, तर दंशाची खूण शोधत बसू नये, गाडी बोलवावी.