फोटो वीस केबीचाच का हवा?

सरकारी अर्जाच्या पानाची चाचणी घ्यायची, तर ज्याला खरोखर दाखला हवा आहे अशा माणसाला बोलवावं, त्याचाच फोन त्याच्या हातात राहू द्यावा आणि आपण शेजारी गप्प बसावं. गप्प बसणं हेच या कामातलं सगळ्यात अवघड. समोरचा माणूस भलतंच बटण दाबताना दिसतो आणि बोट दाखवायचा मोह आवरावा लागतो. रात्री घरी बसून तो अर्ज भरेल, तेव्हा आपण शेजारी नसणार.

अशाच एका चाचणीत, तालुक्याच्या गावी, एक ताई मुलीच्या प्रवेशासाठी उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज भरत होत्या. नाव, पत्ता, कुटुंबाची माहिती, सगळं त्यांनी न अडखळता भरलं. मग फोटो आला. पानावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं: ५ ते २० केबी. फोनमधला फोटो ३ एमबीचा, म्हणजे मर्यादेच्या दीडशेपट. लाल अक्षरांत 'अवैध फाइल' एवढंच उमटलं. ताईंनी तोच फोटो पुन्हा निवडला. पुन्हा लाल अक्षरं. मग त्या उठल्या, केस सारखे केले, पांढऱ्या भिंतीसमोर उभ्या राहिल्या आणि नवा फोटो काढला. चेहरा नीट आला नसेल, असं त्यांना वाटलं होतं. तोही नाकारला गेला. "राहू द्या दादा, सेवा केंद्रावरूनच करून घेते," म्हणत त्यांनी फोन पिशवीत टाकला.

खरं तर फोटो लहान करणं हे संकेतस्थळाचं काम. निवडलेला फोटो पाठवण्याआधी ब्राउझरमध्येच हव्या त्या मापाचा करता येतो; त्यासाठी प्रोग्रामरला थोडासाच कोड लिहावा लागतो. तो न लिहिल्यामुळे लोक काय करतात, हे पाहिलं की काळजी वाटते. 'फोटो कमी करणारं' एखादं अनोळखी ॲप उतरवून घेतात, आणि फोटोपाठोपाठ आधार कार्डही त्याच ॲपमध्ये टाकतात. कोणाच्या सर्व्हरवर ते जातं, कोण जाणे.

चूक दाखवणारा संदेश कसा लिहावा, यावर ब्रिटनच्या सरकारी डिजिटल विभागाने मनापासून काम केलं आहे. २०१२ साली त्यांनी अनेक खात्यांची माहिती 'गव्ह डॉट यूके' या एकाच ठिकाणी आणायला सुरुवात केली. काय चुकलं आणि ते कसं दुरुस्त करायचं, हे साध्या शब्दांत सांगावं, असा त्यांचा नियम आहे. एका पानावर शक्यतो एकच प्रश्न, हाही त्यांचाच आग्रह. लहान पडद्याच्या फोनवर आणि अधूनमधून तुटणाऱ्या रेंजमध्ये त्याचा फायदा लगेच दिसतो: लाइन गेली तरी आधीची उत्तरं जपून ठेवता येतात. आपल्याकडे मात्र आधार कार्ड शोधायला माणूस उठला, तर परत येईपर्यंत 'सत्र संपले' आणि सगळं पहिल्यापासून!

नियम आपल्याकडेही आहेत. भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं २००९ पासून आहेत, २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती आली. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा सर्वांना वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. महाराष्ट्रात तर २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. अधिसूचित सेवेला मुदत आहे, ती चुकली तर अपील आहे. मग अर्जाच्या पावतीवर मोठ्या अक्षरांत 'दाखला अमुक तारखेपर्यंत मिळेल, न मिळाल्यास इथे अपील करा' असं छापायला हवं. मुखपृष्ठावर सरकणाऱ्या छायाचित्रांपेक्षा या एका ओळीची नागरिकाला जास्त गरज आहे.

संकेतस्थळाला मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे. सही करण्याआधी प्रवेशाच्या दिवसांत एक सकाळ एखाद्या सेवा केंद्रात जाऊन बसा, आणि लोक ज्या रकान्यापाशी थांबतात तो आधी दुरुस्त करून घ्या.