लालबागची मिरवणूक उपग्रहातून दिसते का?

उपग्रहाचा कॅमेरा म्हणजे आकाशातला सीसीटीव्ही. लालबागच्या मिरवणुकीतले चेहरेसुद्धा त्याला ओळखू येतात, असं लोक छातीठोकपणे सांगतात. छोट्या उपग्रहांबाबत तरी हे साफ चूक आहे.

15 फेब्रुवारी 2017 रोजी पीएसएलव्ही-सी37ने श्रीहरिकोट्याहून 104 उपग्रह नेले. त्यांतले 88 होते अमेरिकेतल्या प्लॅनेट कंपनीचे ‘डव्ह’, प्रत्येकी सुमारे 5 किलोचे. डब्याची रुंदीच 10 सेंटिमीटर, त्यामुळे दुर्बिणीचं तोंड जेमतेम 9 सेंटिमीटर. इतक्या अरुंद तोंडातून येताना प्रकाश थोडा पसरतोच, आणि 500 किलोमीटर उंचीवरून साधारण 3.7 मीटरपेक्षा बारीक काही सुटं दिसत नाही. मोबाइलच्या जाहिरातींनी मेगापिक्सेलचं वेड लावलं आहे, पण पिक्सेल कितीही वाढवले तरी पसरलेला प्रकाश पुन्हा आवळला जात नाही. परळच्या गिरणीचं आवार दिसेल, शेजारचा टॉवर दिसेल. खोताच्या वाडीतली गल्ली फार तर पुसट रेघ. माणूस नाहीच. कार्टोसॅट-3 सुमारे 25 सेंटिमीटरपर्यंत बारीक पाहतो, पण त्याचा आरसा 1.2 मीटरचा आहे. तो छोट्या डब्यात मावणार कसा?

उपग्रह शहरावर थांबून चित्रण करतो, हाही भ्रमच. जमिनीच्या हिशेबाने तो सेकंदाला 7 किलोमीटर पुढे जातो, म्हणजे गिरगाव चौपाटीवरून सेकंदाभरात दादर. एक सहस्रांश सेकंद शटर उघडं राहिलं, तरी खालची जमीन 7 मीटर सरकलेली असते. शिवाय रोख एका अंशाने चुकला तर नजर सुमारे पावणेनऊ किलोमीटर भलतीकडे जाते. पुण्याच्या सीओईपीतल्या विद्यार्थ्यांचा एक किलोचा ‘स्वयम्’ 22 जून 2016 रोजी कक्षेत गेला. तो वीज न वापरता चुंबकांच्या आधारे दिशा धरायचा. संदेशवहनाला ते पुरतं, बारीक नजरेच्या कॅमेऱ्याला नाही. माझ्या मते छोट्या कॅमेऱ्याची खरी कसोटी भिंगापेक्षा या स्थैर्यातच लागते.

जुलैत हिंदमाताला पाणी तुंबलं की मात्र असा कॅमेरा आंधळा, कारण ढगांपलीकडे त्याला दिसत नाही. तिथे 2022 मध्ये सोडलेल्या ईओएस-04सारखा रडार उपग्रहच हवा.

मग डव्हचा उपयोग काय? त्यांची संख्या. एकामागून एक इतके उपग्रह फिरतात की आकाश निरभ्र असेल तर त्याच जागेचं चित्र जवळपास रोज मिळतं. कोस्टल रोडसाठी प्रियदर्शिनी पार्क ते वरळी समुद्रात पडलेला भराव कसा वाढत गेला, हे पाहायला 3.7 मीटरची नजर पुरेशी आहे.