गोठ्याच्या भिंतीचा लोणा

पावसाळा सरून भिंती सुकूं लागल्या, कीं पुष्कळ जुन्या घरांच्या बाहेरील अंगास, विशेषतः गोठ्याच्या बाजूस, जमिनीपासून हात-दीड हात उंचीपर्यंत पांढरी भुकटी फुटते. दिवाळी तोंडावर आलेली असते. म्हणून घरधनी भिंत पाण्यानें धुववितो आणि वर चुन्याचा हात देतो. होळीपर्यंत डाग पुन्हा हजर!

हा लोणा होय. गुरांचें मूत्र जमिनींत मुरतें; त्यांतील नत्राचें सूक्ष्म जंतु नायट्रेट बनवितात, आणि तें ओलीबरोबर विटांतून व दरजांतून वर चढतें. पाणी उडून जातें, क्षार मागें राहतो. त्याचे स्फटिक विटेच्या छिद्रांत वाढून तिचे पापुद्रे आंतून ढकलून पाडतात. बिहारांत गांवठाणाच्या खाऱ्या मातींतून सोरा काढण्याचा धंदा पूर्वीं मोठा होता. तो सोरा याच जातीचा.

धुण्यानें क्षार विरघळून भिंतींत शिरतो व सुकतांना पुन्हा बाहेर येतो. म्हणून त्यास पाणी लावूंच नये. कोरड्या दिवसांत काथ्याच्या ताठ ब्रशानें भिंत कोरडीच झाडावी. खालीं पोतें अंथरून भुकटी गोळा करावी व दूर टाकावी. पायाशीं पडूं दिल्यास पुढल्या पावसांत ती पुन्हा वर चढेल.

बाजारांत फरशी धुण्यासाठीं मिळणारें हायड्रोक्लोरिक ॲसिड कित्येक जण वापरतात. त्यानें दरजांतील चुना विरघळतो आणि कॅल्शियम क्लोराइड तयार होऊन हवेंतील दमटपणा ओढूं लागतें. म्हणजे एक क्षार काढावयास जाऊन दुसरा भरला. हिरवें-काळें शेवाळ असेल तर गोष्ट निराळी. तेथें १० लिटर पाण्यांत सुमारें १५० ग्रॅम ब्लीचिंग पावडर कालवून वरची निवळ लावावी, घासावें व धुवावें. मात्र ॲसिडाशीं तिची गांठ कदापि पडूं देऊं नये, विषारी वायु सुटतो.

लोण्यावर सिमेंटचा गिलावा करण्यास आमचा स्पष्ट विरोध आहे. ओल बाहेर पडण्याची वाट बुजते, ती आणखी वर चढते व आंतल्या अंगास फुटते. तेथें धान्याचीं पोतीं टेकलेलीं असलीं तर दाण्यास बुरशी धरते. पुढें गिलावा पोकळ होऊन विटांचे पापुद्रे घेऊनच गळतो. चुन्याचा गिलावा क्षार अंगावर घेऊन स्वतः झिजतो, वीट वांचते. तो कांहीं वर्षांनीं बदलावा लागतो हें खरें, परंतु भिंत नवी बांधण्याहून तें कितीतरी स्वस्त.

खरें काम पायाशींच आहे. उकिरडा भिंतीस टेकलेला असेल तर हलवावा. गोठ्याच्या जमिनीस पक्का उतार देऊन मूत्र मोरीनें टाकींत न्यावें. पिकास द्यावयाचें नत्र भिंतीस कां चारावें? पागोळ्यांचें पाणी पन्हळीनें दूर काढावें. एवढें केल्यावरहि जाड भिंत सुकावयास दोन-तीन उन्हाळे लागतात. तोंवर झाडणें चालूं ठेवावें, आणि भुकटी फुटणें थांबल्यावरच गिलाव्यास हात घालावा.